सरवा आणि टोपली

गेल्या वर्षी उपवासकाळात आम्ही घरोघरी फिरत होतो. आम्ही म्हणजे आमच्या धर्मग्रामातले चौघे स्वयंसेवक. जे वृद्ध आणि आजारी देवळात येऊ शकत नाहीत त्यांच्या नावांची यादी ठेवायची आणि पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन घेऊन निघाले की त्यांच्याबरोबर जायचे, हे आमचे काम. ईस्टरच्या आधी ती यादी ताजी करावी लागते. काही नावे प्रभूकडे गेलेली असतात, काही मुलांबरोबर पुण्याला गेलेली असतात, काही नवीन असतात.

रेल्वे लाइनच्या मागच्या गल्लीतल्या एका घराचे दार आम्ही वाजवले. यादीत हे घर नव्हते. रविवारच्या हजेरीच्या वहीत होते, आणि त्याच्यापुढे आमच्याच अक्षरात लिहिले होते, 'अनियमित'. दार उघडणाऱ्या ताई पंचावन्नच्या आसपासच्या. केस न विंचरलेले, साडीचा पदर खोचलेला. आम्ही उपवासकाळाचे पत्रक पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही. आमच्यातल्या एकाला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आईशी थोडा वेळ मराठीत बोलत बसाल का? तेवढ्यात मी अंघोळ करून घेते."

आम्ही बसलो. आजी पंच्याऐंशीच्या पुढे. जालन्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन सिकंदराबादला आल्या त्या रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर. साठ वर्षे भाजीवाल्यांशी तेलुगूत घासाघीस केली, शेजाऱ्यांशी दखनीत भांडल्या आणि समेटही केला. आता स्मृतिभ्रंश झालेला, आणि नंतर शिकलेल्या भाषा एकेक करून निघून गेल्या. उरली ती जालन्याची मराठी. दिवसा ठेवलेली बाई चांगली होती, पण ती तेलुगू. आजींनी पाणी मागितले तरी तिला कळेना, आणि ती जवळ आली की आजी घाबरून ओरडायच्या. दोन बायका अशाच सोडून गेल्या. मग ताईंनी नोकरी सोडली. दीड वर्ष त्या मिस्साला आल्या नव्हत्या, कारण आईला तासभर कुणाच्या भरवशावर सोडावे असे कुणी नव्हते. आणि आम्ही वहीत 'अनियमित' लिहून मोकळे झालो होतो.

त्या अंघोळीला चाळीस मिनिटे लागली. आम्ही आजींना शेतातल्या गोष्टी विचारत बसलो.

हा लेख इतिहासाचा आहे, पण तो लिहावासा वाटला त्या चाळीस मिनिटांमुळे. वृद्धांची सेवा म्हटले की आपल्या प्रवचनांतून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतून एकच चित्र पुढे येते. कुणीतरी एक भला मुलगा, भली सून किंवा भली लेक, आणि तिचा त्याग. आम्हीही वर्गात मुलांना हेच शिकवत आलो. पवित्र शास्त्र आणि मंडळीचा इतिहास पुन्हा उघडून पाहिला तेव्हा मात्र त्यात असा एकटा त्याग फारसा सापडला नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय घ्या. यरुशलेमेतली मंडळी अजून कोवळी आहे, आणि पहिली कुरबुर उठते ती म्हाताऱ्या, निराधार बायकांवरून. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. हिब्रू बोलणाऱ्या विधवांना मिळत होते, ह्यांना नाही. कुणी दुष्टपणे केले असे तिथे म्हटलेले नाही. बहुधा वाढणाऱ्यांना त्यांची भाषा येत नव्हती, त्या कुठे राहतात हे ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या वतीने बोलणारे कुणी नव्हते. हा अध्याय आम्ही कितीदा शिकवला असेल! दरवेळी स्तेफनाच्या हौतात्म्याकडे जायची घाई. तो आणि त्याचे सहा सोबती मुळात कशासाठी निवडले गेले, हे एका वाक्यात उरकायचे. सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या म्हाताऱ्या उपाशी राहत होत्या त्यांच्याच भाषेतली माणसे मंडळीने वाढायला नेमली, असे दिसते. त्या गल्लीतल्या घरातून परत आल्यावर हा अध्याय वाचताना आम्हाला जरा अवघडल्यासारखे झाले.

पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चक्क एक यादी दिसते. साठ वर्षांपुढच्या विधवांची नावे त्यात घ्यावीत. ज्यांना मुले-नातवंडे आहेत त्यांचा सांभाळ आधी घरच्यांनी करावा, म्हणजे ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी मंडळीची शक्ती उरेल. यात घराला मोकळीक नाही आणि मंडळीलाही नाही. रोमचे बिशप कॉर्नेलियस यांनी इ. स. २५१च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात आकडा येतो. रोमची मंडळी त्या वेळी पंधराशेहून अधिक विधवांना आणि गरजूंना पोसत होती. छळाच्या काळात, सरकारी मान्यता नसताना. कुणीतरी ती नावे मोजली होती, लिहून ठेवली होती. नंतरच्या काळात पूर्वेकडच्या मंडळीत वृद्धांसाठी वेगळी घरेच निघाली. आजच्या इस्तंबूल शहरातल्या पांतोक्रातोर मठाच्या ११३६ सालच्या नियमावलीत चोवीस वृद्धांच्या निवासाची तरतूद आहे.

पण आम्हाला ह्या सगळ्याहून जवळची वाटते ती रूथ. सासूला न सोडणारी सून म्हणून तिच्यावर प्रवचने होतात आणि व्हायलाही हवीत. तरी एक गोष्ट पाहा. बेथलेहेमात पोचल्यावर नामीच्या पोटात अन्न गेले ते नुसत्या रूथच्या प्रेमाने नव्हे. ते गेले सरव्यामुळे. सरवा म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या आपल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे, शेंगा. गरीब बायका त्या वेचायच्या. इस्राएलाच्या नियमशास्त्राने हा सरवा शेतमालकाच्या मर्जीवर ठेवला नव्हता. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसे पुन्हा गोळा करू नका, ती गरिबांची, परक्यांची, विधवांची, अशी आज्ञाच होती. बवाजाने तर आपल्या गड्यांना मुद्दाम काही कणसे टाकायला सांगितली. रूथ वेचायला गेली, संध्याकाळी एफाभर सातू घेऊन आली आणि स्वतः जेवून उरलेलेही तिने सासूपुढे ठेवले. प्रेम रूथचे, पण कड सोडलेली होती म्हणून त्या प्रेमाला काहीतरी वेचता आले. कड कापून घेतलेल्या शेतात रूथने काय केले असते?

आता सरव्यावरून टोपलीकडे येतो.

आमच्या शहरात, सिकंदराबादेत, वृद्धांचे एक घर आहे. 'गरिबांच्या लहान भगिनी' नावाचा धर्मभगिनींचा संघ ते चालवतो. जुने लोक त्याला नुसते 'म्हाताऱ्यांचं घर' म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ह्या सिस्टर इथे आल्या. त्याआधी १८८२ साली त्या कलकत्त्यात उतरल्या होत्या. ज्या काळात हैदराबादेत निजामाचे राज्य होते, सिकंदराबादेत गोऱ्यांची छावणी होती आणि मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणारी रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्या काळातली ही गोष्ट. आमच्यापैकी अनेकांचे आजे-पणजे ह्याच लाइनने इकडे आले. १९५६पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते, त्यामुळे त्यांना आपण परमुलखात आलो असे वाटलेही नसेल. फ्रान्समधल्या एका कोळीणीच्या लेकीने सुरू केलेले काम आणि जालन्याची माणसे अशी एकाच स्टेशनच्या परिसरात येऊन पोचली.

त्या लेकीचे नाव जीन जुगान. जन्म २५ ऑक्टोबर १७९२, ब्रिटनी प्रांतातल्या कांकाल नावाच्या कोळ्यांच्या गावी. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीची धामधूम होती. जीन चार वर्षांचीही नव्हती तेव्हा बाप समुद्रावर गेला तो परत आला नाही. आईने मोलमजुरी करून पोरे वाढवली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास जीन एका बड्या घरी स्वयंपाकघरात कामाला लागली. लग्नाची मागणी आली, तिने नाकारली. पुढे सेंट-सेर्व्हां गावच्या इस्पितळात सहा वर्षे आजाऱ्यांची सेवा केली, इतकी की स्वतःच खचली. नंतर बारा वर्षे एका वयस्कर बाईंकडे सोबतीण म्हणून राहिली. त्या बाई वारल्या. जीन चाळिशी ओलांडलेली, हातात थोडी शिल्लक, आणि एका म्हाताऱ्या मैत्रिणीबरोबर भाड्याच्या दोन खोल्या. धुणे-शिवण करून दिवस ढकलत होती.

आम्ही हा सगळा तपशील मुद्दाम देत आहोत. संतांच्या चरित्रात पहिली चाळीस वर्षे घाईने ओलांडण्याची आपल्याला सवय आहे. ह्या बाईला मात्र पुढे जे कळले ते ह्याच चाळीस वर्षांत कळले होते. दुसऱ्याच्या घरी राबणे म्हणजे काय, थकणे म्हणजे काय, आणि म्हातारपणी कुणी नसणे म्हणजे काय.

१८३९च्या हिवाळ्यात तिने अ‍ॅन शोव्हँ नावाच्या एका आंधळ्या, अंगाने लुळ्या पडलेल्या विधवेला घरी आणले. स्वतः उचलून जिना चढवला, आपल्या अंथरुणावर निजवले आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. त्यानंतर आणखी एक म्हातारी आली. तिचीही कथा मोठी आहे. ती एका कुटुंबात मोलकरीण होती. मालक कंगाल झाले तरी तिने त्यांना सोडले नाही, आपली शिल्लक त्यांच्यावर खर्च केली, शेवटी भीक मागून त्यांना पोसले. ते मेले आणि ही रस्त्यावर आली. १८४१ साली जीनने जुन्या दारूच्या गुत्त्याची जागा भाड्याने घेतली. तिथे बारा जणी झाल्या. वर्षभराने मोठी इमारत घ्यावी लागली.

दोन जणींना आपल्या कमाईतून खायला घालणे जमते. बाराजणींना नाही. इथवरची जीन ही आपल्या प्रवचनातली त्यागी लेक आहे. ती तशीच राहिली असती तर दोन-तीन वर्षांत पुन्हा खचली असती आणि म्हाताऱ्या पुन्हा रस्त्यावर गेल्या असत्या. तिने केले ते वेगळेच. त्या म्हाताऱ्यांपैकी पुष्कळ जणी पूर्वी दारोदार मागून खायच्या. जीनने त्यांना विचारले, तुम्हाला कोण कोण देत असे? पत्ते सांगा. तुमच्या जागी आता मी जाईन. आणि टोपली घेऊन ती निघाली. शिळी भाकर, जुने कापड, उरलेले अन्न, लाकूडफाटा, नाणी, जे मिळेल ते. एका धनिकाने तिच्या थोबाडीत मारली, तेव्हा हे माझ्यासाठी झाले, आता माझ्या म्हाताऱ्यांसाठी काही द्या, अशा अर्थाचे ती शांतपणे बोलली, ही आठवण त्यांच्या संघात आजही सांगतात. मागायला तिला लाज वाटत होती. कष्ट करून खाल्लेली बाई ती, कुणापुढे हात पसरलेला नव्हता. म्हाताऱ्यांनाही तिने नुसते बसवून ठेवले नाही. ज्यांचे हात चालत होते त्या सूत कातायच्या, आपल्या परीने घराला हातभार लावायच्या.

१८४५ साली फ्रेंच अकादमीने तिला सेवाकार्याचे पारितोषिक दिले, तीन हजार फ्रँकचे. ते पत्रक दाखवून ती पुढच्या गावी मागायला जाऊ लागली!

त्याआधीच तिच्यावर अन्याय होऊन गेला होता. १८४३च्या डिसेंबरात सिस्टरांनी तिला पुन्हा प्रमुख निवडले, आणि दोन आठवड्यांत त्यांचे मार्गदर्शक असलेल्या धर्मगुरूंनी ती निवड रद्द करून एका तरुण सिस्टरला नेमले. पुढे त्यांनी संस्थापक म्हणून स्वतःचेच नाव लावले. १८५२ साली जीनला टोपलीच्या कामावरूनही परत बोलावले. शेवटची सत्तावीस वर्षे ती मुख्य मठात एक साधी वयस्कर सिस्टर म्हणून राहिली. शेजारी बसणाऱ्या नवशिक्या मुलींना ठाऊकही नव्हते की आपला संघ हिने काढला. २९ ऑगस्ट १८७९ रोजी ती वारली तेव्हा संघात सुमारे चोवीसशे सिस्टर होत्या. त्या धर्मगुरूंना १८९० साली रोमने पदावरून दूर केले, आणि खरा इतिहास हळूहळू पुढे आला. १९८२ साली तिला धन्य घोषित केले गेले आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद दिले. कुष्ठरोग्यांचे फादर डेमियनही त्याच दिवशी संत झाले.

ह्या सत्तावीस वर्षांकडे पाहून लोक तिच्या नम्रतेचे कौतुक करतात. ते खरेच आहे. आम्हाला मात्र तिथे थोडे थांबावेसे वाटते. सेवा करणारी व्यक्ती कुणाच्या नजरेला न पडणे हा तिचा सद्गुण असेल, पण न पाहणाऱ्यांचा तो सद्गुण होत नाही. आमच्या वहीतला 'अनियमित' हा शब्द आम्हाला इथे आठवतो.

१८६५ साली संघापुढे प्रश्न आला, कायमचे ठरलेले उत्पन्न, व्याजाच्या ठेवी, मृत्युपत्रातून मिळणारे वर्षासन घ्यावे की नाही? कसलेच पद नसलेल्या जीनलाही तेव्हा मत विचारले गेले. ठरले ते असे, की ठरीव उत्पन्न घ्यायचे नाही. रोज देवावर आणि लोकांवर विसंबायचे. व्यवहारी माणसाला हा वेडेपणा वाटेल आणि प्रत्येक संस्थेने तसे करावे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचा एक परिणाम झाला. सिस्टरांना बाजारात, दुकानांत, घरांत जावेच लागले. भाजीवाल्याला कळले की ह्या शहरात म्हातारी माणसे आहेत. टोपलीने अन्न आणले आणि बातमीही पोचवली.

मागणे आणि कड सोडणे ह्या दोन्ही गोष्टी आपल्या घरांत आज अवघड झाल्या आहेत. मागण्याचे तर विचारूच नका. 'आमचं आम्ही बघतो', 'लोक काय म्हणतील', 'आईबापाला सांभाळायला परके कशाला'. त्या ताईंनी दीड वर्षात एकदाही फादरांना फोन केला नव्हता. आम्ही विचारले, का? म्हणाल्या, "काय सांगणार होते? की मला आईचा कंटाळा आलाय?" दमणे म्हणजे कंटाळणे नव्हे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

आणि कड? मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू कुर्बानवरून परूश्यांना खडसावतो. आईवडिलांना जे द्यायचे ते 'देवाला वाहिले' म्हणून सांगायचे आणि हात झटकायचे. आमच्यासारख्या देवळात राबणाऱ्यांनी तो उतारा जपून वाचावा. सणाच्या तयारीला संध्याकाळच्या संध्याकाळ देणारे आम्ही, आमच्यापैकी काहींच्या घरी म्हातारी आई एकटीच जेवत असते.

आता थोडे आजच्या शेताच्या कडांविषयी, कारण त्या आहेत आणि आपल्याला ठाऊक नसतात. वृद्धांसाठी १४५६७ हा मोफत फोन क्रमांक देशभर चालतो. त्याची सुरुवात २०१७ साली टाटा ट्रस्टने विजयवाहिनी ह्या संस्थेबरोबर आपल्या हैदराबादेतच केली होती. वृद्धाश्रम कुठे, पेन्शनचा अर्ज कुठे, घरात छळ होतो आहे तर कुणाकडे जायचे, हे तिथे विचारता येते. वृद्धच विचारायला हवेत असे नाही, सांभाळणाऱ्यानेही विचारावे.

तेलंगणा सरकारचे वृद्धांचे पेन्शन २०१४ साली 'आसरा' नावाने सुरू झाले, २०१९पासून ते महिना २,०१६ रुपये झाले. आसरा हा शब्द तेलुगू सरकारने निवडला, पण कानाला तो आपलाच लागतो. सत्तरीच्या पुढच्या सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४पासून आहे. आधार कार्डावर त्याचे वेगळे कार्ड निघते. मात्र हे इस्पितळात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरी रात्री उठून आईला कूस बदलून देणाऱ्या बाईचा पगार त्यातून मिळत नाही, आणि खरा खर्च बहुतेक घरांत तोच असतो.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याविषयी बोलायला आपण बिचकतो, कारण त्यात मुलांविरुद्ध अर्ज आहे. तो अर्ज महसूल खात्याच्या अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात करायचा, वकील लावण्याची गरज नसते, आणि वृद्धाला स्वतःला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. घर मुलाच्या नावे करताना 'आम्हाला सांभाळायचे' अशी अट घातली असेल आणि मुलगा सांभाळत नसेल, तर ते हस्तांतर रद्द करण्याची तरतूदही ह्या कायद्यात आहे. म्हणून नावावर करण्याआधी ती अट कागदात लिहून घ्या. असे कागद नीट न वाचता सही केलेली एक आजी आमच्या यादीत आहे. तिच्याविषयी जास्त लिहीत नाही.

दुखणे शेवटाला आले असेल, विशेषतः कर्करोगाचे, तर बंजारा हिल्सच्या रोटरी क्लबने २०११ साली सुरू केलेले स्पर्श हॉस्पिस आहे. तिथे पैसे घेत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत १९९२ साली केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर्स सोसायटीची शाखा आपल्या शहरात आहे, तिथे घरच्यांनाही समजावून सांगतात. आणि सिकंदराबादचे सिस्टरांचे घर. तिथे आईला ठेवणे म्हणजे आईला टाकणे, असे आपल्यातले कितीतरी जण समजतात. कधी ते खरेही असते. पण ज्याला कुणीच नाही त्याच्यासाठी ते घर आहे, आणि ज्याला कुणीतरी आहे त्या घरच्यांनीही तिथे जाऊन दुपारभर बसावे. सिस्टर मराठी जाणणाऱ्या असतीलच असे नाही. यरुशलेमेतल्या विधवांची अडचण तिथल्या एखाद्या खाटेवरही असू शकते.

त्या ताईंच्या घरासाठी आम्ही जे केले ते फार मोठे नाही. आधी आमचेच चुकले. उत्साहात आम्ही आठ जण एकदम गेलो, भक्तिगीते म्हटली, फोटो काढले. आजी इतक्या बिथरल्या की रात्रभर झोपल्या नाहीत. ताईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले, "मास्तर, एवढे जण नका येऊ. एकच कुणीतरी या, पण येत राहा." मग ठरले. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी दोन तास, एकेक जण. प्रार्थना लहान, आणि बायबल वाचायचे ते जुन्या मराठी भाषांतरातले, कारण आजींच्या कानाला तेच ओळखीचे. स्तोत्रसंहिता वाचायला घेतली की कधीकधी पुढची ओळ त्याच म्हणतात. ते आमच्यापैकी कुणालाच अपेक्षित नव्हते. शेतातल्या गोष्टी मात्र दरवेळी हव्यात. बाजरीची कापणी, सरवा, आणि मोठ्या बहिणीने वाटेत सांडलेली शेंगांची ओटी. त्या दोन तासांत ताई बँकेत जातात, औषधे आणतात. एकदा नुसत्याच बाहेर बाकावर बसून आल्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले. रविवारी त्या अजून येत नाहीत. फादर पहिल्या शुक्रवारी दोघींनाही कम्युनियन देतात.

वहीतला 'अनियमित' शब्द आम्ही खोडला. पण खोडताना दिसले की तोच शब्द आणखी अकरा घरांपुढे आहे. त्यांतल्या चार घरी आम्ही आतापर्यंत जाऊन आलो. एका घरी कुणीच राहत नाही. एका घरी खरोखरच श्रद्धा थंडावली आहे, तसे त्यांनी हसत सांगितले आणि चहा दिला. उरलेल्या दोन घरी खाटेवर म्हातारे माणूस आहे.

शनिवारची पाळी सांभाळणाऱ्या आमच्या सिस्टरताईंची बदली पुढच्या महिन्यात विशाखापट्टणमला होते आहे. ज्यांना मराठी येते आणि दुपारी दोन तास बसता येते, त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला भेटावे. गाता आले नाही तरी चालेल.